शपथ कशाला

धनपाल आप्पांच्या बरगड्यांमध्ये यंत्राची दहावी टिचकी बसली आणि पडद्यावर एकवीस हा आकडा उमटला. सकाळपासून उपाशी, उजवा हात डोक्याखाली, सदरा छातीपर्यंत वर, अशा अवतारात ते पडले होते. कुशीला लावलेली थंडगार जेली अजून ओघळत होती.

"लिव्हर फार कडक झालंय आप्पा," तपासणी करणारी रचना म्हणाली. "किती वर्षं घेताय?"

"काय?"

"ड्रिंक्स."

आप्पा ताडकन उठून बसले. पाणीसुद्धा गाळून पिणारा माणूस! दिवस मावळल्यावर ज्याच्या घरात ताट वाढलं जात नाही, त्याला ही विचारते किती वर्षं! निपाणीत हे कळलं तर जैन बस्तीत दर्शनाला जायचं कुठल्या तोंडानं?

"बाई, थेंबबी घेतलेला न्हाय. शपथेवर सांगतो."

"सगळे असंच म्हणतात," ती कागदावर टिपत म्हणाली.

आप्पांच्या अंगाचा तिळपापड झाला. डॉक्टरांनी नंतर नीट समजावलं. वीस वर्षांचा मधुमेह, सुटलेलं पोट, दारू न पिताही लिव्हर असं निबर होतं. सुई घालून तुकडा काढायची गरज नाही, यंत्र आणि रक्ताच्या तपासण्या पुरेशा आहेत. आप्पांनी मान डोलावली, पण आतला जाळ काही विझेना.

बेळगाव मागे पडल्यावर गाडी चालवणाऱ्या अभिनंदननं हळूच विचारलं,

"आप्पा, कधी लग्नाबिग्नात... थोडीशी?"

"गप गाडी चालव!"

पोटच्या पोरानं विचारावं? आणि ती बया म्हणे, सगळे असंच म्हणतात! रागारागानं ते वाक्य घोळवता घोळवता आप्पांना एकदम आठवलं. गेल्या दिवाळीत आपल्या वखारीच्या दारात हेच ते स्वतः बोलले होते. अठरा वर्षं त्यांचा टेम्पो चालवणारा भरमू समोर उभा होता, डोळे पिवळे, पाय सुजलेले. पीत नाही म्हणून पोरांच्या शपथा घेत होता. आप्पांनी त्याच्या हातातली किल्ली काढून घेऊन त्याला कामावरून काढलं होतं.

"निपाणीत थांबू नगंस," ते म्हणाले. "कोगनोळीला घे."

भरमू दारात बाजेवर बसला होता. आप्पांना बघून उठायला गेला, पण त्याला ते जमलं नाही.

"भरमू, तुझंच दुखणं मला झालंय." आप्पांचा आवाज चढला. "आन् लोकं म्हणत्यात, पितो! अरं, शपथ घिऊन सांगतो—"

"शपथ कशाला आप्पा?" भरमू म्हणाला. "न्हाय म्हणालासा न्हवं? मग न्हाय."

आप्पा उंबऱ्याबाहेर तसेच उभे राहिले.

"उद्या सकाळी काय खाऊ नगंस," ते म्हणाले. "ती तपासणी उपाशीपोटी करत्यात. मी येतो न्यायला."

आतून भरमूच्या बायकोचा, नागुबाईचा आवाज आला.

"उपाशी ऱ्हायचं आमास्नी शिकवू नगासा आप्पा. दिवाळीपास्नं त्येच करतोय."