गरम पाण्याची लाइन

"मले का विचारतं, त्या पाइपाले विचार," माझा नवरा देवीदास तोंडावरच्या काचेआडून पुटपुटला. मी त्याच्या खांद्याशी वाकून उभी होते म्हणून ऐकू आलं. नाहीतर वेल्डिंगच्या आवाजात ते तिथंच विरून गेलं असतं.

मी विचारलं एवढंच होतं, की बॉयलरच्या पाइपांचा जो नियम आहे, तो आपल्या मालाला लागतो का.

मुर्रीच्या रस्त्यावर आमचं शेड आहे. उसना, म्हणजे धान उकडून तांदूळ काढणाऱ्या राइस मिलांना लागणारे पाइप आम्ही बनवतो. कोहमाऱ्याच्या टेकचंदजींनी मिलमधला जुना बॉयलर काढून मोठा बसवला, आणि विमावाल्याने त्यांना विचारलं, पाइप नियमातला आहे का. त्यांनी लगेच मला फोन केला. "भाभी, लेटरहेडवर दोन ओळी लिहून ठेवा. तुमच्या मालाले तो नियम लागू नाही म्हणून. गाडी घेऊन येतोच."

त्या दोन ओळींसाठी मी सकाळपासून मोबाइलवर नियम वाचत होते. माझं इंग्रजी वेल्डिंग रॉडच्या डब्यांवरून शिकलेलं. त्या भांडवलावर कायदा वाचायचा म्हणजे डोळे चुरचुरणारच. पण नियम सरळ निघाला, तेच वाईट झालं. पाइप कोणी बनवला, त्याला काय नाव दिलं, याच्याशी नियमाला घेणंदेणं नाही. तो विचारतो, आतून काय जातं आणि किती दाबानं. धान भिजवायच्या टाकीचं गरम पाणी असेल तर तुम्ही मोकळे. दाबाची वाफ असेल तर नकाशा मंजूर करून घ्या, परवान्याचा वेल्डर लावा, तपासणी करून घ्या, शिक्का घ्या.

आणि आमच्या धंद्यात वाफेला वाफ कोणी म्हणतच नाही. कधीकाळी मिलमध्ये खरोखर गरम पाण्याचीच लाइन जायची. पुढे बॉयलर आले, पाइप जाड झाले, नाव तेच राहिलं. ऑर्डर गरम पाण्याच्या लाइनची, बिल गरम पाण्याच्या लाइनचं. कडक सासऱ्याचं नाव घेत नाहीत ना घरात, तसं.

देवीदासकडे परवाना नाही. हात आहे. पण तो हात कुठल्याच कागदावर नाही, हे त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं?

टेकचंदजी आले. गाडीतून माझा धाकटा भाऊ बिसरामही उतरला. तो त्यांच्याच मिलवर बॉयलर सांभाळतो. नव्या पाइपाच्या खालीच त्याचं स्टूल राहणार होतं. थंडीत बरं, असं तोच हसून सांगून गेला होता.

"झालं का भाभी लेटर?"

"टेकचंदजी, या लाइनीतून जाते काय?"

"लो, अब ये भी पूछोगी? गरम पानी. तुमच्याच बिलावर लिहून राहते ना जी."

"नव्या बॉयलरचंही?"

"गरम पानीच. जरा जास्त गरम."

मी बिसरामकडे पाहिलं. तो टिनाच्या छताकडे पाहत होता. "मले कायले मधात घेतं बाई," तो म्हणाला. "मालक पाणी म्हणून राहिले, तं पाणी."

टेकचंदजी खुर्चीवर टेकले. तेही थकलेच होते. "हंगाम तोंडावर आहे भाभी. शिक्क्याच्या लफड्यात पडलो तं मिल बंद राहीन. तुमी नाही देत तं दुसरा देईन लिहून. मंग पाइपबी त्याचाच घ्या लागन."

खरं होतं. आणि आमच्याकडे दुसरी ऑर्डर नव्हती. मी पेन उचललं. 'आमच्या मालाला' एवढं लिहून झालं, आणि पुढचा शब्द काही येईना.

मागं वेल्डिंग थांबलं. देवीदासनं काच वर केली. बिसरामकडे पाहिलं, मग आपणच जोडलेल्या पाइपाच्या सांध्याकडे. तो अजून लाल होता.

"नको लिहू वो," तो म्हणाला. "वाफ जाते जी त्याच्यातून. वाफ."