दगडाबाईंचं सरण

औरंगाबादेत गुलमंडीच्या मागच्या गल्लीत आमचं मर्तिकाच्या सामानाचं दुकान. बांबू, कामठ्या, मडकी, कोरं कापड. निजामाच्या राज्यात आजोबांनी ते मांडलं, पोलीस ॲक्शननंतर वडिलांनी सांभाळलं आणि मग माझ्या, पुंजारामच्या गळ्यात आलं. सामानासंगं माणसंही आम्हीच द्यायचो. तिरडी बांधायला मी, बाईमाणसाच्या मयताला अंघोळ घालायला दगडाबाई.

ज्या घरात लेकीसुनांचा हात पुढं होत नसे, तिथं दगडाबाईंना बोलावणं यायचं. लांबलेल्या दुखण्यानं सडलेलं अंग असो, जळालेलं असो, त्या पदर खोचून आत जायच्या. बाहेर आल्या की एवढंच म्हणायच्या, "झालं. घ्या आता." आत काय बघितलं, ते तीस वर्षांत त्यांनी मलासुद्धा सांगितलं नाही. आमच्या धंद्याचा तो एकच कायदा होता.

शहाऐंशी सालच्या श्रावणात दगडाबाई गेल्या. त्यांचा मुलगा बन्सी म्हणाला, "आईला गावाकडं न्यायचंय, दादा. तिनं तसं सांगून ठेवलं होतं." गाव वैजापूरच्या पुढं. तिरडी मीच बांधली. माझ्याच मेटाडोरमधून त्यांना घेऊन निघालो. दोन दिवसांपासून पाऊस उघडला नव्हता.

गावच्या स्मशानात पंचायतीनं पत्र्याचं शेड बांधलं होतं. आम्ही लाकडं उतरवायला लागलो, तेवढ्यात दहा-बारा जण आले. पुढं गावचे पुढारी काकासाहेब. छत्री धरायला मागं गडी.

"हितं नाय," ते म्हणाले. "तुमच्या वस्तीची जागा ओढ्याकाठी हाय. बन्सीला ठावं हाय की."

"ओढ्याकाठच्या जागेत गुडघाभर पाणी हाय, काकासाहेब," बन्सी हात जोडून म्हणाला. "चिता पेटायची कशी?"

"मग पाऊस उघडस्तोर थांबा."

आईच्या देहाशेजारी उभं राहून हात जोडणारा बन्सी बघितला आणि माझं डोकं फिरलं. या काकासाहेबांना मी ओळखत होतो. तीन वर्षांपूर्वी औरंगाबादेतल्या त्यांच्या घरी मीच तिरडी बांधली होती.

"काकासाहेब, तुमच्या आई, आवडाबाई, याच शेडात जळाल्या ना?"

"व्हय. मग?"

"त्यांच्या पाठीला किडे पडले होते. घरातलं एक माणूस खोलीत जाईना. तुम्ही नाकाला रुमाल लावून अंगणात उभे होता आणि माझे हात धरून म्हणाला होता, पुंजाराम, कुणाला तरी आण. मी हिला आणली. हिनं तुमच्या आईचा एकेक किडा वेचला, अंग पुसलं, नवं लुगडं नेसवलं. तवा हिचे हात चालले, आन् आता ही चालत नाय?"

पत्र्यावर पाऊस वाजत होता. बाकीचे काकासाहेबांकडं बघायला लागले. गड्याच्या हातातली छत्री कलली. काकासाहेब पाठ फिरवून चिखलातून निघून गेले. त्यांच्यामागून एकेक करत सगळे गेले.

आम्ही सरण रचलं. बन्सीनं अग्नी दिला.

आम्ही परतीच्या रस्त्याला लागलो. मला वाटत होतं, मी मोठं काम केलं. वैजापूर मागं पडल्यावर बन्सी बोलला.

"दादा, आईनं कधी कुणाच्या घरातलं तोंडातून काढलं नाय."

"ठावं हाय मला."

"ती समोर असताना तुम्ही काढलं. त्या म्हातारीचा काय गुन्हा होता?"

"मग काय करायला पायजे होतं मी? त्यांच्या पाया पडायचं?" मी ओरडलोच.

"ते मला नाय ठावं," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

माणसाला माणसासारखं जाळायचं म्हणून एका मेलेल्या बाईची अब्रू मला चव्हाट्यावर मांडावी लागली. ज्यांनी ती मांडायला लावली, त्यांच्यावरचा माझा राग दुपटीनं वाढला. पण त्यातला थोडा माझ्यावरही होता.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो, तर शेडभोवती तारेचं नवंकोरं कुंपण. फाटकाला कुलूप. आत दगडाबाईंची राख तशीच. पारावर बसलेली माणसं लांबून बघत होती.

बन्सीनं या वेळी हात जोडले नाहीत. मेटाडोरमधली लोखंडी टामी आणली आणि माझ्या हातात दिली नाही. स्वतःच कडीत घातली.

"बन्सी, केस होईल," मी म्हणालो.

"होऊ द्या."

पहिल्या हिसक्याला काही झालं नाही. मग मीही टामीला हात लावला. दोघांनी मिळून जोर दिला, तेव्हा कडी कुलपासकट उचकटून आली. पारावरून कुणी उठलं नाही. आम्ही आत जाऊन दगडाबाईंच्या अस्थी वेचल्या, एकही मागं ठेवली नाही. जाताना बन्सीनं फाटक सताड उघडं टाकलं.