तिसरं सील

ट्रकच्या मागच्या चाकातून ऑइल गळायला लागलं, तेव्हा ताईकडे जायची तिची बॅग भरून तयार होती. ताईचं ऑपरेशन होऊन आता नऊ दिवस झाले, तरी बॅग दाराशीच. नवऱ्याचं एकच पालुपद, "चाकातलं एवढं रबरी सील बसलं की जा. उजेडाला बॅटरी कोण धरणार?"

दोन सिलं बदलून झाली. आज तिसरं बसवून त्याने ट्रक फिरवून आणला, अंगणात लावला, आणि चाकाखाली पुन्हा ऑइलचा ओघळ.

"सीलच भिकार निघालं. चौथं आणतो," तो म्हणाला.

चौथं म्हणजे आणखी तीन दिवस, हे तिला आता पाठ होतं. ती बॅटरी घेऊन ट्रकखाली वाकली.

"अहो, कुकरची शिट्टी तुंबली की वाफ रबराखालून निघते. याला शिट्टी नाही का?"

"ट्रक आहे हा, तुझा कुकर नाही," म्हणत तो हसला, आणि हसता हसता थांबला. मागच्या चाकांमधल्या ॲक्सलवर हवा सोडायची एक छोटी टोपी होती. तिच्यावर चिखल वाळून दगड झाला होता. तिने केसांतली पिन काढून टोचली. फुस्स करून हवा सुटली. दोघंही ती संपेपर्यंत ऐकत राहिले.

"आता हे दाबाने फाटलेलं सील काढतो, चौथं बसलं की झालं," तो म्हणाला. "धर बॅटरी."

तिने बॅटरी दोरीने जॅकच्या दांड्याला बांधली, उजेड नीट पडतोय ना पाहिलं आणि हात धुऊन आली.

"अगं, ती हलली तर?"

"हलली तर सरळ करा," ती बॅग उचलत म्हणाली.