वाटलेल्या आठ गोळ्या

रंभाच्या धान रोवणाऱ्या टोळीत एकटीने खाणे म्हणजे पाप. रोवण्याच्या दिवसांत दुपारी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, शिदोऱ्या सुटल्या की कुणाचा ठेचा, कुणाची अंबाडीची भाजी, सगळे मधोमध ठेवायचे आणि नऊजणींनी वाटून खायचे, ही चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्याकडच्या त्या गावाची रीत. रीत चांगलीच आहे हो. फक्त त्या दिवशी रंभाने ठेच्याशेजारी औषधही ठेवले.

तळपायात बाभळीचा काटा मोडून पू झाला होता, म्हणून सरकारी दवाखान्यातल्या नूतन नावाच्या डॉक्टरबाईंनी तिला चौदा गोळ्या दिल्या होत्या. सकाळ-संध्याकाळ एकेक, सात दिवस, बरे वाटले तरी सोडायच्या नाहीत, असे दोनदा बजावलेही होते. तीन दिवसांत ठणका गेला आणि बाई पायाला फडके बांधून चिखलात उतरली. उरल्या आठ गोळ्या. टोळीत बायकाही आठच. एवढे भारी औषध घरी ठेवून कुजवायचे का, असे तिला वाटले, आणि तिने प्रत्येकीच्या हातावर एकेक ठेवली. कुणाच्या पायाला चिखल्या झाल्या होत्या, कुणाची कंबर धरली होती. सातजणींनी गोळी पदराच्या गाठीत बांधली. सोमारीचा घसा दुखत होता, तिने तिथेच पाण्यासोबत गिळली.

पुन्हा बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरून थोडा वेळ झाला नाही तोच सोमारी अंग खाजवायला लागली. मग तिचे ओठ सुजले, डोळे मिटत आले, आवाज घोगरा झाला आणि ती चिखलातच बसली. श्वास घेताना छातीतून शिट्टी वाजत होती. "पान लागलं," कुणीतरी म्हणाले. पान लागले म्हणजे साप चावला; सापाचे नाव तिकडे घेत नाहीत. झाले, साप साप म्हणून सगळ्यांनी खरोखरच भुई धोपटायला सुरुवात केली. सोमारीचा नवरा सुकलू शेजारच्या बांधीत ट्रॅक्टरने चिखलणी करत होता, तो धावत आला. आधी मंत्राने विष उतरवणाऱ्याकडे नेऊ, असे ठरवून त्याने तिला ट्रॅक्टरवर घातले.

गोळी सगळ्यांदेखत गिळली गेली होती, पण हे तिचेच काम आहे, सापाचे नाही, हे एकट्या रंभाच्या लक्षात आले. पण सोमारी मेली तर? ही बाई खायला काहीतरी घालते, असे एकदा गावात कुणी म्हटले की ते बाईला मरेपर्यंत चिकटते. अशा एका म्हातारीच्या दारातून लोक पाणीही घेत नसत, ते रंभाने पाहिले होते. गप्प राहिले तर कुणालाच कळणार नाही, हा विचारही तिच्या मनात आला, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

ती ट्रॅक्टरसमोर जाऊन उभी राहिली.

"सुकलूभाऊ, साप नाई. मीच तिले माही गोळी देली. दवाखान्यात चला."

सुकलूने तिच्याकडे असे पाहिले की तिला वाटले, आता हा अंगावर येतो. पण त्याने ट्रॅक्टर दवाखान्याच्या रस्त्याला वळवला. वाटेभर सोमारीचे डोके रंभाच्या मांडीवर होते आणि रंभा तिचे श्वास मोजत होती.

डॉक्टरांनी रंभाचे बोलणे अर्धेच ऐकले आणि सोमारीच्या मांडीत इंजेक्शन दिले. काही मिनिटांनी शिट्टी कमी झाली. पुढे चंद्रपूरला पाठवण्यासाठी गाडी मागवली. मग डॉक्टर म्हणाल्या, की साप म्हणून आणली असती तर आपण दाताची खूण शोधत बसलो असतो. एकीला लागू पडलेले औषध दुसरीच्या जिवावर येऊ शकते, आणि अर्ध्यात सोडल्याने रंभाच्या पायातले दुखणेही पुन्हा उसळेल. रंभा रडायला लागली. डॉक्टरांनी तिला रडू दिले नाही.

"बाकीच्या सात गोळ्या कुठे आहेत?"

रंभा दारोदार फिरली. पाय पुन्हा ठणकत होता. सहा गोळ्या परत मिळाल्या. सातव्या दारात मंगलीबाई चहाची कपबशी धूत होती.

"आत्ताच घेतली बाई, चहासंगं. कंबर लई दुखून राह्यली."

रंभाने डॉक्टरांना फोन लावला. गाडी पाठवते, तिला एकटी सोडू नका, ओठ, आवाज आणि श्वास याकडे लक्ष ठेवा, असे त्यांनी सांगितले. रंभाने सगळे मंगलीला खरेखरे सांगितले. मंगलीच्या हातातली बशी खाली पडली.

"बोलत राह्य मंगलीबाई. काईबी बोल, पण थांबू नको."

रंभाचा हात घट्ट धरून मंगली आपल्या नातवंडांची नावे घेऊ लागली. प्रत्येक नावानंतर थांबून विचारायची, "सुजले का वं ओठ?"

"नाई," रंभा म्हणायची, आणि पुढच्या नावाची वाट पाहायची.