सवडीचा जोड

आमच्या दुकानात सगळ्यात आधी कुणाचं काम होतं? जो सगळ्यात मोठ्यानं ओरडतो त्याचं. हा नियम मी केलेला नाही. आमच्या ह्यांनीही केला नाही म्हणा, नुसता होऊ दिला.

दुकान चपला-बुटांचं. एका माणसानं पाय पसरले की दुसऱ्यानं बाहेर उभं राहायचं, एवढंसं. आत हे बसतात, दाराशी स्टुलावर मी. हे शिवतात, मी गिऱ्हाईक सांभाळते. उसवलेलं सांधायचं, तळ बदलायचे, आणि कुणाचा पाय चारचौघांसारखा नसेल तर त्याच्या मापानं जोड करायचा. मापाचं काम करणारे आता फारसे उरले नाहीत, त्यामुळे आमच्याकडे कामाला तोटा नाही. तोटा वेळेचा. आणि ह्यांना जन्मात एक शब्द उच्चारता आला नाही, तो म्हणजे 'नाही'.

"अहो, जमणार नाही म्हणा की!" मी दातओठ खाऊन पुटपुटते.

"होईल, होईल," हे गिऱ्हाइकाला म्हणतात, आणि गिऱ्हाईक गेलं की माझ्याकडे असं बघतात, जणू मीच होकार दिलाय.

शेवटी मीच पदर खोचला. भिंतीला तीन फळ्या ठोकून घेतल्या. वरची घाईच्या कामाची, मधली वायद्याच्या कामाची, खालची सवडीची. वरची रिकामी झाली की मधलीवरचं वर न्यायचं, मधली रिकामी झाली की खालचं. साधा हिशेब. दोन्ही हात रिकामे झाल्याशिवाय नवं काम घ्यायचं नाही, असंही बजावलं. पण वरची फळी रिकामी होईल तर ना! सकाळी जरा मोकळी दिसली की कुणीतरी येऊन डोक्यावर मिऱ्या वाटायचा आणि हे त्याची वस्तू उचलून थेट वर ठेवायचे. वर जागा नसली तर खिळ्याला टांगायचे. ते खिळे कधी ठोकले, मला पत्ताही नाही. खालच्या फळीवर गेलेली वस्तू तिथंच धूळ खात बसायची.

त्या खालच्या फळीवर ताईंच्या पायाचा फर्मा होता. फर्मा म्हणजे लाकडाचा पाय. त्यावर कातडं ताणून जोड शिवतात.

ताई ह्यांच्या थोरल्या बहीण, माझ्या नणंद. लहानपणापासून त्यांचा डावा पाय आखूड. सासऱ्यांच्या काळात ह्याच दुकानात बसून त्या वरचं कातडं शिवायच्या, आणि धाकटा भाऊ शाळेतून आला की त्याचा हात धरून त्याला टाका शिकवायच्या. आज ह्यांच्या टाक्याचं लोक कौतुक करतात ना, तो टाका ताईंचा. त्यांच्या डाव्या बुटाला उंच टाच लागते. टाच बरोबर असली तर नव्या माणसाला कळायचंही नाही की ह्या बाईच्या पायात काही आहे. ताठ चालायच्या. मागच्या गल्लीत जिन्यावरच्या खोलीत एकट्या राहायच्या, आणि दुपार कलली की दुकानात येऊन बसायच्या. ते येणं हाच त्यांचा दिवस होता. बाकीचा वेळ त्या येण्याची तयारी नाहीतर गेल्याच्या गप्पा.

तर एकदा त्यांनी बूट काढून पुढं केला. "धाकट्या, टाच उतरलीय रे. सवड मिळाली की बघ."

मी म्हटलं, झालं, चहा उकळेपर्यंत टाच बसेल. बसलीही असती. परक्या माणसाला हे उभ्या उभ्या टाच लावून देतात. पण बहिणीचं काम ना! ह्यांनी बूट उलटा केला, पालटा केला, पायाची सूज चाचपली आणि म्हणाले, "नुसती टाच नको ताई. पाय बदललाय तुझा. फर्मा नव्यानं घासतो, मऊ कातडं आणतो. असा जोड करतो की धावशील."

ताई हसल्या. "धावायचंय कुठं मला? सवडीनं कर."

"अहो, तोवर टाच तरी लावून द्या," मी म्हटलं.

"ठिगळ लावू? ताईच्या बुटाला?" हे असे बोलले, जणू मीच कुणाच्या पोटावर पाय दिला होता. तोंडाला कुलूप लावणारी बाई मी नाही, पण तेव्हा लावलं खरं.

आणि ताईंचा फर्मा सवडीच्या फळीवर गेला. ताई तोच उतरल्या टाचेचा बूट घालून घरी गेल्या.

मग काय, वरात सुरू झाली. काळा कोट आला. वकीलच तो, पण आम्ही त्याला काळा कोटच म्हणतो. त्याच्या बॅगेचा बंद तुटला होता आणि जणू त्या बंदावरच कुणाची फाशी अडली होती. नाचाच्या क्लासची बाई आली, सगळ्या पोरींच्या लाल सँडली पोत्यात भरून. बँडवाले आले पांढरे पट्टे घेऊन, त्यांना सगळं कालच हवं होतं. प्रत्येक जण घोड्यावर बसून. ह्यांची मान वर होत नव्हती. जेवताना घास हातात धरून डोळा लागायचा. मला दया यायची आणि रागही यायचा. कधी कधी दोन्ही एकाच घासाला.

मी म्हटलं, आपल्या सुट्टीचा वार ताईंचा. त्या दिवशी शटर अर्धं खाली, आत फक्त फर्मा आणि तुम्ही. ठरलं. त्या दिवशी ह्यांनी फर्मा खाली घेतला, त्यावरची धूळ फुंकली, तोच शटरखालून दोन लाल सँडली आत सरकल्या. "एवढंच हो, फक्त पट्टा!" फक्त पट्टा म्हणता म्हणता दिवस गेला. पुढच्या सुट्टीला पट्टा नव्हता, बॅग होती.

ताई येत होत्या. सगळं बघत होत्या. एकदाही म्हणाल्या नाहीत, माझं कुठवर आलं. उलट मलाच म्हणायच्या, "त्याच्या मागं लागू नकोस गं. दमतो तो." जाताना खाली पडलेले कातड्याचे तुकडे वेचून पिशवीत टाकायच्या.

"कशाला गं ताई?" ह्यांनी एकदा विचारलं.

"दाराच्या फटीला लावते. वारा येतो."

"मग ने की, पोतंभर ने." हे हसले. मीही हसले. केवढ्यानं हसलो आम्ही!

एकदा त्यांनी कोपऱ्यात टाकलेला खळीचा जुना डबाही उचलला. मी म्हटलं, ताई, ती सुकलीय, टाकायलाच ठेवलीय. त्या म्हणाल्या, पाणी घातलं की होते. मला वाटलं, दाराच्या फटीलाच लागत असेल.

मग त्यांचं येणं कमी झालं. कुणी म्हणालं, गुडघा धरलाय. आम्हीही तेच म्हणालो, गुडघा धरला असेल. वय झालं. माणसाला सोयीचं कारण मिळालं की तो पुढं चौकशी करत नाही. हे टाका घालता घालता दाराकडे बघायचे, "ताई आली नाही आज?" आणि माझं उत्तर यायच्या आत कुणीतरी पुढ्यात बूट आपटायचं.

एक दिवस त्यांच्या खालच्या मजल्यावरची शेजारीण धापा टाकत आली. ताई जिन्यावरून पडल्या होत्या.

खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, काळजाला ऑपरेशन झेपणार नाही. आता ह्या उभ्या राहतील अशी आशा धरू नका. ते सरळ माणूस होते, सरळ बोलले. नर्सनं ताईंच्या सामानाची पिशवी माझ्या हातात दिली. साडी, चष्मा आणि तो जोड.

हे बाकावर बसले आणि पिशवीतून डावा बूट काढला. टाचेचा खालचा भाग सुटून लोंबत होता. ह्यांनी तो उलटा केला आणि बघतच राहिले. मला वाटलं, डोळ्यात पाणी आल्यामुळं दिसत नसेल, म्हणून मी वाकले.

टाच ताईंनी स्वतः चढवली होती. आमच्याच दुकानातल्या तुकड्यांची. एकावर एक थर, कडा रापीनं, कातडं कापायच्या सुरीनं, छाटलेल्या, वरून काळं पॉलिश, म्हणजे कुणाला कळू नये. आमच्यासमोर रोज बसत होत्या आणि आम्हाला कळलं नाही! आता मोडली होती तिथं आतले रंग दिसत होते. ह्यांनी थरांवर अंगठा ठेवला.

"हा काळ्या कोटाच्या बॅगेचा," ते म्हणाले. अंगठा खाली सरकला. "हा लाल... नाचवालीचा. हा बँडचा पट्टा." आणखी खाली. "हा पुन्हा लाल."

ताईंच्या आधी आम्ही ज्यांची ज्यांची कामं केली ते सगळे त्या टाचेत होते, ओळीनं. सगळ्यात खालचा थर निसटला होता. त्याला ती सुकी खळ लागली होती. पाणी घालून काही होत नाही तिचं. त्यांनाही ते माहीत असणार, जन्म गेला त्यांचा ह्यात. पण ओली खळ मागितली असती तर कशाला हवी ते सांगावं लागलं असतं.

"टाका बघ," हे म्हणाले. वरच्या थराला ताईंनी कडेनं शिवण घातली होती. हात थरथरायचा त्यांचा, तरी एकही टाका वाकडा नव्हता.

ताई शुद्धीवर आल्या तेव्हा हे त्यांच्या उशाशी गेले आणि लहान मुलासारखे म्हणाले, "ताई, मला सांगायचंस ना गं!"

"सांगितलं होतं की रे," त्या म्हणाल्या.

बस, एवढंच. राग नाही, टोमणा नाही. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. मी तिथं उभी होते, मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"उद्याच बसतो जोडाला," हे म्हणाले.

"आता कसली घाई?" त्यांनी ह्यांचा हात थोपटला. "सवडीनं कर."

दुसऱ्या दिवशी ह्यांनी शटर खाली ओढलं आणि आत बसले. मी बाहेर स्टूल टाकलं. काळा कोट आला, नाचवाली आली. मी म्हटलं, जमणार नाही. कोट तावातावानं म्हणाला, असं कसं जमणार नाही? मी म्हटलं, असंच जमणार नाही, ज्याला ओरडायचंय त्यानं गल्लीच्या टोकाला जाऊन ओरडावं. तो गेला. दुसरीकडे दिली असेल बॅग. कुणाला काही झालं नाही. एवढं सोपं होतं ते! घरी आल्यावर मी रडले ते ह्याच गोष्टीसाठी.

ह्यांनी फर्मा घासला, कातडं ताणलं, शिवलं, उसवलं, पुन्हा शिवलं. असा जोड ह्यांच्या हातून कधी झाला नव्हता. ताईंना तोवर आमच्याच घरी आणलं होतं, मागच्या खोलीत खिडकीजवळ खाट टाकून. ह्यांनी जोड त्यांच्या हातात दिला. ताईंनी चष्मा मागितला. शिवणीवरून अंगठा फिरवला, टाच कानाशी धरून ठोकून बघितली.

"आता आला तुला टाका," त्या म्हणाल्या. "घाल पायात."

"ताई, खाटेवर?"

"मग कुठं? घाल."

ह्यांनी घातला. ताईंनी पांघरूण सारून पावलं शेजारी शेजारी ठेवली आणि बघत राहिल्या. दोन्ही टाचा बरोबर एका रेषेत आल्या होत्या. "बसला बघ," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून दुपार कलली की त्या जोड मागतात, कुठं जायचं असल्यासारखा. हे दुकान सोडून घरी येतात, वरची फळी भरलेली असो की नसो. जोड घालतात, जवळ बसतात, दिवे लागले की काढतात. काढल्यावर फडकं घेऊन तळ पुसतात. एकदा मी म्हटलं, अहो, काय पुसता, जमिनीला कधी लागलाय तरी का तो?

ह्यांनी खाली मान घालून दुसरा बूट पुसायला घेतला.