बाबाजींच्या जळवा

नंदनवन कॉलनीत रुपरावच्या घरी कुणी चहालाही थांबत नसे, आणि त्यात लोकांचं काही चुकत नव्हतं. बैठकीत माशांसाठी आणलेली काचेची पेटी होती आणि तिच्यात जळवा होत्या. काळपट, बुळबुळीत, बोटाएवढ्या, काचेला तोंड चिकटवून लोंबणाऱ्या. रुपरावच्या बायकोला, शोभाला, त्या नुसत्या दिसल्या तरी घास गिळवत नसे.

सासऱ्यांच्या सुजलेल्या पायाला लावायला वैद्यानं त्या आणल्या होत्या. रक्त पिऊन झालं की पिळायच्या आणि तळ्यात सोडायच्या, अशी रीत. पण सासरे त्याच आठवड्यात गेले आणि रुपराव अडून बसला.

"बाबाजीचं रक्त हाय त्याइच्यात," तो म्हणाला. "तळ्यात कसं फेकू मी?"

तेव्हापासून दर अमावास्येला हा शहाणा लेंगा वर करून पेटीत पाय सोडून बसायचा. पितरांना जेवू घालायची ही त्याची तऱ्हा. जळवा टच्च फुगायच्या. पोटरीवरून रक्ताचे ओघळ फरशीवर यायचे आणि ते शोभाला पुसावे लागायचे. बाप गेल्याचं दुःख तिला कळत होतं. पण म्हणून ते असं पाळायचं? किळस, नुसती किळस.

तिला पाचवा महिना लागला. एक दिवस जेवता जेवता रुपराव सहज बोलून गेला, "पोरगं झालं का त्याचाही पाय लावू थोडासा. बाबाजीले नातवाची भेट होईल."

शोभा ताटावरून उठली. स्वयंपाकघरातून मिठाची बरणी आणली आणि अख्खी पेटीत उपडी केली.

"काहून करून राहिली वं असं?" रुपराव उष्ट्या हातानं धावला.

जळवा पिळवटल्या आणि प्यायलेलं सगळं ओकू लागल्या. पाणी लाल झालं, घाण वास सुटला.

"मामाजीचं रक्त यायनं कवाच पचवलं," शोभा म्हणाली. "हे तुमचं हाय."

त्याला ते ऐकूच गेलं नाही. त्यानं त्या पाण्यात बोट बुडवलं, कपाळाला लावलं. मग पुन्हा बुडवलं आणि ते ओलं बोट तिच्या पोटाकडे आणलं.

ती मागे सरली. "हात धुवा अगोदर."

त्यानं धुतला नाही.

माहेरी उमरेडला जाणाऱ्या एस्टीत बसल्यावरही तिनं दोन्ही हातांनी पोट झाकून धरलं होतं.