ओढ्यावरची सवत
आमच्या ओढ्यावरचा रेल्वेचा जुना लाकडी पूल आज पायवाट म्हणून खुला झाला. रिबन कापल्यावर सगळे चहा आणि लॅमिंग्टन केककडे वळले. माझा नवरा क्लॅरी मात्र हातोडा घेऊन पुलाखाली उतरला. तो या पुलाचा जुना सुतार. खांबावर ठोकायचं, कान लावायचा. आवाज पोकळ आला की खांब आतून कुजला समजायचं.

"नेरिडा, नवऱ्याला आवर गं, खांबाला मिठी मारून उभा आहे!" शेजारची मॉइरा खिदळली.

"मारू दे. लग्नाआधीपासूनचं लफडं आहे त्यांचं," मी म्हणाले, पण अंगाचा नुसता तिळपापड झाला. घराची मागची पायरी दोन वर्षं कुजतेय, तिच्याकडे बघायला याला वेळ नाही.

मी तरातरा खाली उतरले.

"सगळे खांब ठणठणीत आहेत बघ!" तो कौतुकाने म्हणाला.

"आणि मी? त्रेपन्न वर्षांत मला कधी असा कान लावलास?"

त्याने हातोडा खाली ठेवला आणि माझ्या खांद्याला कान टेकवला. मी श्वास रोखून उभी राहिले.

"काय ऐकू येतंय?"

"जरा गप्प बस गं," तो म्हणाला. "तुझ्यामागचा तो सतरावा खांब करकरतोय."